खेळातली लेक

संगणकावरचा खेळ मी एकसष्टाव्या वर्षी शिकले आणि तो मला माझ्या मुलीनं शिकवला. सुरुवात खरोखरच तिनं केली होती, तेवढं तिचं तिला द्यायला हवं.

ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. विरार पूर्वेला चंदनसारच्या बाजूला आमचा फ्लॅट आहे, तिथं मी एकटी. माहेर जवळच्याच गास गावचं. भाऊ अजून तिथं भाजीपाला नि थोडी केळी लावतो, पण उठसूट माहेरी जाऊन बसायचं माझं वय राहिलेलं नव्हतं. मुलगी लग्न करून बंगळूरला. तिचा फोन रोज यायचा, पण फोनवर आम्ही एकमेकींची हजेरी घ्यायचो नुसती. जेवलीस का, गोळी घेतलीस का, लिफ्ट सुरू झाली का. दोन्हीकडून 'हो' आलं की बोलणं संपलं.

दिवाळीला ती आली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "आई, आता आपण रोज संध्याकाळी एकत्र फिरायला जायचं."

"कुठं?"

"यात." तिनं लॅपटॉप उघडून माझ्यापुढं ठेवला.

पडद्यावर डोंगर होते, झाडी होती आणि आकाशात दोन चंद्र. मी म्हटलं, हे पोरांचं आहे, माझ्या काय कामाचं? तर म्हणाली, तिच्या ऑफिसातली निम्मी माणसं हे खेळतात आणि त्यांतली काही आजोबा झालेली आहेत. यात आधी आपला माणूस आपणच घडवायचा असतो. उंची, केस, डोळे, नाक, सगळं. मी पांढऱ्या केसांची, कंबरेत भरलेली बाई केली. मुलगी हसून लोळली.

"आई, इथं तरी तरुण हो की!"

"तरुण होऊन काय करू? मग माझी मलाच ओळख पटायची नाही."

मग विचारलं गेलं, तलवार हवी, धनुष्य हवं, जादू हवी की औषध? मी औषध घेतलं. तशी मी वैदीण झाले. हिरवी शाल, खांद्याला झोळी. मुलीचं माणूस आधीपासून होतंच: तिरंदाज पोरगी, सडपातळ, आखूड केस, आणि नाक अगदी तिचं स्वतःचं. ते ह्यांचं नाक.

मी जन्मभर टंकलेखिकेची नोकरी केली. मुंबईत एका सरकारी कार्यालयात मराठीचं टायपिंग. तेव्हा कळफलकाला मी घाबरत नव्हते, उलट तोच आडवा आला. या खेळात चालण्यासाठी डावा हात चार ठरावीक कळांवर ठेवावा लागतो. माझी बोटं सवयीनं आपल्या जुन्या जागी सरकायची. मग माझी वैदीण गरागरा फिरायची, भिंतीला नाक लावून चालत राहायची. एकदा विहिरीत पडली. पहिला लांडगा अंगावर आला तेव्हा मी अशी किंचाळले, की समोरच्या ब्लॉकमधल्या बाई हातात झारा घेऊनच धावत आल्या. लॅपटॉपवरचा लांडगा पाहून त्या तशाच परत गेल्या. पण पुढं जिन्यात भेटल्या की हमखास विचारायच्या, "मेला का तुमचा लांडगा?"

मला त्या खेळातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर तिथली गावं. प्रत्येकाला काही ना काही अडचण असायची. कुंभाराची भांडी बकऱ्यांनी फोडलेली, म्हातारीचा मुलगा जंगलात गेलेला, पाणचक्की बंद पडलेली. आपण जवळ गेलो की ते इंग्रजीत आपलं गाऱ्हाणं सांगत. कार्यालयातल्या इंग्रजीवर माझं भागायचं, म्हणून मी सगळं वाचायची. मुलगी वैतागायची.

"आई, हे कुणी वाचत नाही गं. पुढचं बटन दाब."

"कुणी वाचत नाही तर लिहिलंय कशाला?"

आणि मेल्यावर! मेलं की आपलं माणूस जमिनीवर पडून राहतं आणि सोबतच्यानं गुडघे टेकून त्याच्या कपाळावर हात ठेवला की ते उठतं. मुलीची तिरंदाज पहिल्यांदा माझ्याजवळ अशी बसली, तेव्हा हे सगळं खोटं आहे हे ठाऊक असूनही मी पडद्याला हात लावून पाहिला.

ती बंगळूरला परत गेली आणि आमचं संध्याकाळचं फिरणं सुरू झालं. देवाजवळ दिवा लावला की मी लॅपटॉप उघडायची. तिनं खेळताना बोलण्यासाठी कानाला लावायचं यंत्रही आणून दिलं होतं, पण त्यानं माझा कान दुखायचा आणि रिकाम्या घरात भिंतीकडे तोंड करून बोलायला मला अवघड व्हायचं. त्यापेक्षा टाइप करणं बरं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात आपण लिहिलेलं उमटतं, समोरच्याचं त्याखाली. मुलीनं मराठी कळफलक घालून दिला होता. मला काय, बोटं आपोआप चालायची.

आणि जे फोनवर कधी आलं नाही ते तिथं येऊ लागलं. फोनवर गप्प बसलं की ओझं होतं. इथं तसं नव्हतं. पाय चालतायत, हात औषधी पाला खुडतायत, मधूनच एखादं वाक्य. दोन बायका मेथी निवडायला बसल्या की कशा बोलतात, मान वर न करता, तसं. गासकडची आमची बोली ती लहानपणी सुट्टीत शिकली होती. कार्यालयात राहून मी जीभ वळवून घेतली, 'पाणी', 'जेवण' म्हणायला शिकले, पण तिच्याशी मी मुद्दाम माहेरचं लिहायची. "जेवन झालं का गो?" तिचं लगेच, "झालं गो." पूर्णविराम वगैरे काही नाही. तिला विरामचिन्हांचं वावडं होतं. टंकलेखिकेची मुलगी, पण कधी एक टिंब दिलं नाही.

हिवाळ्यात आम्ही तळ्याकाठी घर बांधलं. जागा तिनं निवडली, आतलं मी लावलं. मागं बाग केली. केळ त्या खेळात नव्हती, म्हणून मोठ्या पानांचं मिळालं ते लावलं. त्या दोन-चार महिन्यांत मला माझी मुलगी लग्नाआधी होती त्यापेक्षा जवळची वाटायला लागली.

उन्हाळा संपता संपता तिच्यात फरक पडला. चांगलाच फरक. आता ती माझ्याआधी येऊन बसलेली असायची. गावातल्या माणसांची गाऱ्हाणी ती माझ्याबरोबर शेवटपर्यंत वाचायची, घाई करायची नाही. मी चुकले तर थांबायची. माझ्या लहानपणाचं विचारायची. भात कधी लावायचे, खाडीचं पाणी शेतात शिरलं तर काय करायचे, सुकी मासळी कुठं ठेवायचे. लिहिणंही सुधारलं. वाक्याच्या शेवटी नेमका पूर्णविराम येऊ लागला. मला आनंद झाला, शिकली एकदाची! "जेवन झालं का गो?" लिहिलं की उत्तर यायचं, "हो, जेवण झालं." मी म्हटलं, ऑफिसात मोठी झाली, भाषा बदलली.

एकदा तिनं विचारलं, "आजीकडे पाणी कुठून आणायचे?" तिथं मी जरा थबकले. आजीच्या विहिरीवर तिनं कितीदा आंघोळ केली होती. एकदा तिची चप्पल त्यात पडून केवढा कल्ला झाला होता. पण मी मनाशी म्हटलं, तिला माझ्या तोंडून ऐकायचं असेल. आणि मी ते सगळं तिला पुन्हा सांगितलं, चपलेसकट.

मी चाळीस वर्षं माणसांचे हात ओळखत आले. आमच्या खोलीत आठ-दहा जणी होत्या आणि कागद पाहून मी सांगायची, हे कुणी टाइप केलंय. प्रत्येकीची चूक वेगळी असते. तरी मला इथं काही दिसलं नाही. आपल्या मनासारखं घडत असलं की माणूस बारकाईनं बघत नाही, एवढंच मला आता कळतं.

पावसाळ्यात खेळात एक प्रकार घडला. तिथं एक औषधं विकणारा होता. कमी बोलणारा, हसतमुख. त्याच्यासाठी मी महिना-दीड महिना पाला, मुळ्या, बुरशी गोळा करून आणली होती. आजारी लोकांसाठी, असं त्यानं सांगितलं होतं. एके दिवशी उघड झालं, की त्यातून तो विष करत होता आणि खालच्या गावची विहीर त्यानंच नासवली. मी आणलेल्या पाल्यानं! मला इतकं लागलं, की मी त्या दिवशी पुढं खेळेना. रागाच्या भरात टाइप केलं, "हा मला पहिल्यापासून तुझ्या नवऱ्यासारखा वाटत होता. बोलत नाही, हसतो नुसता. पोटात काय आहे ते कळत नाही."

मग, "तो तसा नाही गं आई."

तेव्हा मी मनात होतं ते सगळं बाहेर काढलं. त्यांनी परस्पर नोंदणी लग्न केलं आणि आम्हाला नंतर कळवलं, हे सगळ्यात आधी. मुलगा मूळचा लातूरकडचा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पण धड नोकरी नाही, घरी बसून कसलीकसली चित्रं काढतो, हे ह्यांना पटलं नाही आणि मलाही. एकदाच आमच्याकडे आला, सोफ्याच्या कडेला बसला, पुढं ठेवलेल्या ताटातलं निम्मं टाकून उठला. हे मी लिहिलं. "माझ्या हातचं त्याला चाललं नाही," असंही लिहिलं.

उत्तर आलं, "त्याला तेव्हा भीती वाटत होती. घास उतरत नव्हता."

"तुला काय माहीत?"

"त्यानंच सांगितलं."

मला बरं वाटलं. निदान तो हिच्याशी तरी बोलतो!

मग पितृपक्ष आला. ह्यांचं पान वाढलं त्या दिवशी भाऊ गासहून केळीची पानं घेऊन आला, जेवला, दुपारी गेला. संध्याकाळी घर फार मोकळं वाटलं. मी लॅपटॉप उघडला. तिरंदाज घराच्या दारात उभीच होती. आम्ही कुठं गेलो नाही. तळ्याकडे तोंड करून दोघी बसलो आणि मी तिला ती गोष्ट सांगितली, जी सांगायची म्हणून मी इतके दिवस राखून ठेवली होती.

लग्नानंतर हे मुलीशी फोनवर बोलत नसत. तिचा फोन आला की उठून गॅलरीत जात. पण दार पुरतं लावत नसत. नंतर येऊन मला विचारत, "काय म्हणाली?" आणि मी सांगायला लागले की माझं चुकलेलं दुरुस्त करत. सगळं ऐकलेलं असायचं. शेवटी इस्पितळात होते, तेव्हा एका दुपारी मला म्हणाले, "तिनं केलं ते मला पटलं नाही. पण ती चुकली असं मी कुणापाशी म्हटलेलं नाही, तुझ्यापाशीसुद्धा नाही. त्या मुलाला एकदा रीतसर जेवायला बोलवायला हवं होतं, ते राहिलं. तिला सांग. पण सवडीनं सांग. रडत असेल तेव्हा नको."

ते गेल्यावर ती आली ती रडतच आली. नंतर फोनवर कधी सवड झालीच नाही. ती सवड मला त्या तळ्याकाठी मिळाली होती. मी सगळं लिहिलं, गॅलरीचं, अर्धवट लावलेल्या दाराचं, इस्पितळातलं, ह्यांच्याच शब्दांत. माझं लिहून झालं तरी तिरंदाज हलली नाही. मला वाटलं, तिकडे रडत असेल. मग एक ओळ आली.

"मी आहे गं आई."

त्या ओळीकडे मी बघत बसले. ह्यांनी सोपवलेलं काम झालं, असं वाटलं. त्या रात्री मला छान झोप लागली. दुसऱ्या दिवशी फोनवर तिनं त्यातलं अक्षरही काढलं नाही, आणि मीही नाही. तिथलं तिथं राहू दे, म्हटलं. तिला अवघड होईल.

नाताळच्या सुट्टीत ती एकटीच आली. जावयाचं काही काम होतं म्हणे. मी हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर तिनं आणलेला नि माझा असे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडून ठेवले होते. एकमेकींच्या मांडीला मांडी लावून खेळायचं, याची मला केवढी हौस! ती मात्र टाळत राहिली. आज दमलेय, उद्या, आधी मामाकडे जाऊन येऊ. मामाकडे जाऊन आलो. वाटेवर ख्रिस्ती वाड्यांवर नाताळच्या चांदण्या लागल्या होत्या, त्या ती बघत बसली होती. शेवटी एका दुपारी जेवणं आवरल्यावर मीच तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं.

ती खेळात आली. तिची तिरंदाज घरातच होती, चुलीपाशी. माझी वैदीण पावसाळ्यात केलेल्या नव्या बागेत.

"ये बाहेर," मी म्हटलं.

तिची तिरंदाज भिंतीवर आपटली. वळली, पुन्हा आपटली.

"अगं, दार मागं आहे. आपणच नाही का हलवलं मागच्या महिन्यात?"

"हो हो, विसरले." ती बाहेर आली आणि तळ्याच्या उलट दिशेला चालायला लागली.

"तिकडं कुठं? नवी बाग इकडं."

"कुठली नवी बाग?" ती म्हणाली. आणि मग तिची बोटं थांबली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती. हळूच म्हणाली, "आई, मी नव्हते गं."

"काय नव्हतीस?"

"मी खेळत नव्हते. मला नवीन काम लागलं ना, संध्याकाळच्या मीटिंगा असायच्या. तू वाट बघत बसायचीस. एकदा त्याला म्हटलं, आज तू बस, आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. मग... ते तसंच चालू राहिलं."

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून असेल."

मी मनाशी मे महिन्यापासून पुढं चालत आले. भाताची लावणी, विहीर, चप्पल. औषधवाला. माझ्या हातचं त्याला चाललं नाही. मग पितृपक्षापाशी आले आणि थांबले.

"ते सगळं त्यानं वाचलं?"

"मी त्याला विचारायची नाही काय बोललात ते. खरंच, आई. तो म्हणायचा, आई मजेत आहेत. मला वाटलं, तू खुशीत आहेस ना, मग काय बिघडलं? फोनवर तू किती हसायला लागली होतीस."

"तुझ्याशी बोलते म्हणून हसत होते."

ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी म्हटलं, "त्याला फोन लाव."

तिनं लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून तो म्हणाला, "आई?" आवाजावरून कळलं, की त्याला कळलंय.

"अजून आईच म्हणताय?" मी म्हटलं. मी जावयाला 'अहो-जाहो'च करत आले. तोही मला 'तुम्ही' म्हणतो. आणि हाच माणूस सात-आठ महिने मला रोज 'अगं आई' करत होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी एकदाच म्हणून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही लिहिलंत, काल किती मजा आली. मग मला सांगता येईना."

"आणि तुमच्याबद्दल लिहिलं तेव्हा?"

"तेव्हा तर मुळीच येईना."

"ह्यांचं सांगितलं, ते वाचत बसलात. मध्ये थांबवायचं नाही मला?"

तो म्हणाला, "थांबवायला हवं होतं. पण ते मी कुणाला सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही. ते तुम्ही हिला सांगितलं होतंत, मी कसं सांगू?"

"तुमचं नव्हतं तर वाचलंत कशाला? आणि वर लिहिलंत, मी आहे. कोण आहे?"

मी फोन ठेवून दिला.

मुलीचं रडणं थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. "बाबांचं काय? काय सांगितलंस तू त्याला?"

त्याला! मी काय त्याला सांगितलं होतं?

पण सांगावं तर लागलंच. हे म्हणाले होते, रडत असेल तेव्हा नको, सवडीनं सांग. आणि मी ते टेबलापाशी उभी राहून, रागात, तिचे डोळे सुजलेले असताना सांगितलं. चार-पाच वाक्यांत उरकलं. गॅलरीचं दार सांगायचं राहिलं, ते मागाहून जोडलं. तळ्याकाठी लिहिताना ह्यांचा शब्द न् शब्द आला होता, आवाजसुद्धा आला होता. दुसऱ्यांदा सांगताना तो आला नाही. पहिल्या सांगण्यात जे होतं ते देऊन झालं होतं, आणि चुकीच्या माणसाला.

तिनं ऐकून घेतलं. मग नवऱ्यावर चिडली, की त्याला हे ठाऊक होतं आणि तो रोज तिच्यासमोर जेवत होता. मग माझ्यावर चिडली. "एवढी मोठी गोष्ट तू खेळात टाइप करतेस? मला फोन करून सांगता येत नव्हती?"

"तू फोनवर असतेस कुठं?" मी म्हटलं. "आणि तिथं तरी कुठं होतीस?"

पुढचे दिवस आम्ही एका घरात राहिलो, एवढंच. ती स्वयंपाकात मदत करायची, मी नको म्हणायची नाही. जाताना पाया पडली. मी आशीर्वाद दिला. मनापासून दिला, तो काही मागं घेता येत नाही.

आता ती रोज व्हिडिओवर फोन करते. तोंड दाखवते. मुद्दाम करते, हे मला कळतं आणि तिलाही कळतं की मला कळतं. पण लिहिलेल्या शब्दावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच. तिचा मेसेज आला, "मी पोचले", की मी लगेच फोन लावते. भावाच्या घरून आलेला निरोपसुद्धा मी दोनदा वाचते, हा वहिनीनं लिहिला की भाचीनं? ज्या कामावर मी जन्मभर पोट भरलं, त्याच कामाची मला शंका यायला लागली. हे कुणाला सांगायला गेले तर हसतील. माणूस मेलं नाही, काही चोरीला गेलं नाही, जावयानं सासूशी सात-आठ महिने गोड बोलणं केलं. समोरच्या बाईंना एकदा मी अर्धंमुर्धं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, किती गुणी जावई! आमचा तर तोंड उघडत नाही." मी विषय बदलला.

खरं सांगायचं तर मलाही तो वाईट वाटत नाही. तीच तर अडचण आहे. वाईट असता तर राग एका जागी ठेवता आला असता. त्यानं माझं सगळं वाचलं, शेवटपर्यंत वाचलं, कंटाळला नाही. माझ्या मुलीला जे करायला वेळ नव्हता ते त्यानं केलं, आणि तिच्या नावानं केलं. त्या महिन्यांत मला जी मुलगी मिळाली असं वाटत होतं ती कुठंच नव्हती. तिच्यासाठी मी कुणाजवळ रडू? खऱ्या मुलीजवळ तिचं कौतुकही करता येत नाही.

मार्चमध्ये तो मुंबईत कामासाठी आला आणि एक दिवस विरारला आला. आधी फोन करून विचारलं, येऊ का. ह्यांचा शब्द होता, म्हणून मी रीतसर जेवायला बोलावलं. डाळ, भात, वालाचं बिरडं, गासहून आलेल्या जुडीची भाजी. या वेळी त्यानं ताट स्वच्छ केलं आणि वर भात मागून घेतला. आम्ही उन्हाबद्दल बोललो, बंगळूरच्या पाण्याबद्दल बोललो. तो 'तुम्ही' म्हणत होता, मी 'तुम्ही' म्हणत होते. मध्येच मी विहिरीचं काहीतरी सांगायला लागले आणि थांबले. त्याला ते ठाऊक होतं. त्यानंही खाली ताटाकडे पाहिलं.

निघताना दारात बूट घालता घालता त्यानं विचारलं, "खेळता का हो अजून?"

मी खेळते. नवीन माणूस घडवलंय, नवीन नावानं, दुसऱ्या प्रांतात. कुणाबरोबर नाही. लांडगे जपून मारते, गाऱ्हाणी सगळी वाचते आणि खालच्या कोपऱ्यात एक अक्षर टाइप करत नाही.

"नाही," मी त्याला म्हटलं. "सोडलं ते."

तो "बरं" म्हणाला आणि जिना उतरला. इतकं सरळ खोटं मी कधी कुणाशी बोलले नव्हते, आणि ते मला जड गेलं नाही.